दुसरें विमान कां घ्यावें लागतें?

मनुष्याचा जीव आपल्या हत्यारावर जडतो. सुतार आपला रंधा दुसऱ्याच्या हातीं देण्यास नाखूष असतो. वैद्याचा खल आणि लेखकाची लेखणी यांचीहि तीच कथा. तीस वर्षें वापरून पातें झिजलेली विळी मोडींत काढावयाची म्हटली, तर घरांतील वडीलधारी बाई हळहळल्याशिवाय राहत नाहीं. यंत्रांचें युग आलें म्हणून हा मनुष्यस्वभाव पालटला, असें मुळींच नाहीं. स्वतःच्या मालकीचें लहान विमान बाळगणाऱ्या लोकांत तर ही माया विशेष उत्कटतेनें दृष्टीस पडते. ज्या विमानानें आपल्याला प्रथम एकट्याला आकाशांत नेलें आणि सुखरूप खालीं आणलें, त्याच्याविषयीं वैमानिकाला जें वाटतें, तें घोडेस्वाराला आपल्या पहिल्या घोड्याविषयीं वाटतें त्याहून निराळें नसतें.

आणि तरीहि पहिल्या विमानावर असें प्रेम करणारा हाच मनुष्य कांहीं वर्षांनीं दुसरें विमान घेतो. पाहणाराला हें चंचलपणाचें लक्षण वाटतें. कित्येकदां त्या मनुष्यालाहि आपण कृतघ्न ठरत आहों अशी रुखरुख लागून राहते. ही रुखरुख योग्य आहे काय? या प्रश्नाचें उत्तर केवळ भावनेंत शोधून सांपडणार नाहीं. विमान कसें उडतें, कशासाठीं बांधलें जातें, त्याच्याकडून काय मागावें आणि काय मागूं नये, हें ध्यानांत घेतल्यावांचून त्याचा उलगडा होत नाहीं. विमानविद्येच्या इतिहासांत या गोष्टीचें एक नामांकित उदाहरण आहे. इंग्लंडांतील डी हॅव्हिलंड कारखान्याचीं ‘जिप्सी मॉथ’ आणि ‘पस मॉथ’ हीं तीं दोन विमानें. १९३० च्या सुमारास नांवारूपास आलेल्या अनेक वैमानिकांचें पहिलें प्रेम जिप्सी मॉथवर होतें, आणि त्यांतील अनेकांना पुढें पस मॉथ घ्यावें लागलें.

‘मॉथ’ म्हणजे पतंग; दिव्याभोंवतीं घिरट्या घालणारा तो पतंग. कारखान्याचे संस्थापक जेफ्री डी हॅव्हिलंड यांना फुलपाखरें आणि पतंग यांच्या निरीक्षणाचा मोठा नाद होता. आपल्या नव्या विमानाचे पंख पतंगाप्रमाणें मिटून मागें घेतां येतात, हें पाहून त्यांनीं त्याला हें नांव दिलें. पहिलें मॉथ २२ फेब्रुवारी १९२५ रोजीं लंडनजवळच्या स्टॅग लेन येथील मैदानावरून उडालें. तोंवर विमान म्हणजे सरकारची, सैन्याची किंवा मोठ्या कंपनीची वस्तु असे. मॉथमुळें तें प्रथमच खासगी मनुष्याच्या आटोक्यांत आलें. लांकडी सांगाडा, त्यावर प्लायवुड, पंखांवर रोगण दिलेलें ताणलेलें कापड, एकावर एक असे दोन पंख, आणि एकामागें एक अशा दोन उघड्या बैठका. एवढाच त्याचा संसार. पंख मिटले म्हणजे तें मोटारीच्या मागें बांधून ओढून नेतां येई आणि बेताच्या छपराखालीं ठेवतां येई. १९२८ सालीं त्याला ‘जिप्सी’ नांवाचें सुमारें १०० अश्वशक्तीचें एंजिन बसविण्यांत आलें आणि जिप्सी मॉथ हें नांव जगभर झालें.

या विमानाचा मुख्य गुण म्हणजे त्याची क्षमाशीलता. दोन रुंद पंखांमुळें तें मंद गतीनेंहि हवेंत टिकून राही. लहानशा कुरणांत उतरे. शिकाऊ वैमानिकाकडून चूक झाली तर ती सुधारण्यास त्याला अवसर देई. शिवाय तें बोलकें होतें. पंखांमध्यें ताणलेल्या तारांच्या सुरावरून वेग वाढला कीं घटला हें कानाला कळे. विमान वळणांत एका अंगाला घसरूं लागलें, तर वाऱ्याचा झोत त्या बाजूच्या गालावर लागे आणि वैमानिक सावध होई. यंत्रावरील कांटा पाहण्यापूर्वींच शरीराला बातमी मिळे. अशा विमानावर शिकलेल्या मनुष्याचें त्याच्याशीं नातें जडावें, यांत नवल नाहीं.

परंतु ज्या गुणांनीं तें शिक्षक म्हणून थोर ठरलें, तेच गुण दूरच्या प्रवासांत अडचणीचे होते. एमी जॉन्सन हिचा १९३० सालचा प्रवास हें त्याचें उत्तम प्रत्यंतर होय. हल गांवच्या या सव्वीस वर्षांच्या मुलीनें एक जुनें जिप्सी मॉथ ६०० पौंडांस खरीदलें. पैसा कांहीं वडिलांनीं आणि कांहीं तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनीं दिला. वडिलांच्या मासळीच्या व्यापाराचें चिन्ह ‘जेसन’ असें होतें. तेंच नांव तिनें विमानाला ठेवलें. त्यापूर्वींचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडनपासून हलपर्यंतचा. अशा तयारीनिशीं ती ५ मे रोजीं क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाकडे निघाली.

सहाव्या दिवशीं ती कराचीस पोहोंचली. इतक्या थोड्या दिवसांत इंग्लंडहून हिंदुस्थानांत एकट्यानें कोणी आलें नव्हतें. पण हें यश तिनें कोणत्या मोलानें मिळविलें तें पाहण्यासारखें आहे. बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळानें तिला वाळवंटांत खालीं उतरविलें. विमान उलथूं नये म्हणून चाकांना सामान लावून ती शेपटावर बसून राहिली. कराचीहून पुढें पेट्रोल संपत आल्यानें झांशीच्या कवायतीच्या मैदानावर तिला अवचित उतरावें लागलें. रंगूनजवळ भलत्याच मैदानावर उतरतांना जेसन चरांत गेला आणि त्याचा पंख फाटला. तेथील एका शाळेंतल्या मंडळींनीं तो दुरुस्त केला. महायुद्धांतील शिल्लक राहिलेल्या विमानी कापडाचे कोणी सदरे शिवले होते. ते उसवून पंखाला लावण्यांत आले! अखेर २४ मे रोजीं ती डार्विन येथें उतरली. बर्ट हिंकलर यानें १९२८ सालीं हाच प्रवास सुमारें साडेपंधरा दिवसांत केला होता. त्याचा विक्रम तिला मोडतां आला नाहीं, परंतु इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीनें उडून जाणारी ती पहिली स्त्री ठरली.

या प्रवासांत जेसननें तिला दगा दिला असें कोणी म्हणणार नाहीं. उलट, जें काम त्याचें नव्हतें तें त्यानें तडीस नेलें. पण एकदां तडीस गेलें म्हणून तें काम त्याचें ठरत नाहीं. जिप्सी मॉथ शांत हवेंत तासीं सुमारें ८५ मैल जाई आणि मूळच्या टाकीवर सुमारें ३२० मैल मजल मारी. मजल वाढवावयाची तर पेट्रोल वाढवावें लागे. पन्नास गॅलन पेट्रोल म्हणजे साडेतीनशें पौंडांहून अधिक ओझें, दोन धडधाकट माणसांएवढें. भरलेल्या विमानाचें सगळें वजनच सुमारें १,६५० पौंड. त्यांत एवढी भर पडली म्हणजे तें जड पावलांनीं भूमि सोडणार, सावकाश वर चढणार, आणि उष्ण प्रदेशांतील विरळ हवेंत तर अधिकच हांफणार.

त्यांतून समोरून वारा असला म्हणजे मंद विमानाची दैना होते. हें साध्या हिशोबानें पटेल. सहाशें मैलांचा पल्ला आहे असें धरूं. निवाऱ्याच्या हवेंत ८५ मैल वेगाच्या विमानाला सात तास लागतील, १०५ मैल वेगाच्या विमानाला पावणेसहा तासांच्या आंत पोहोंचतां येईल. अंतर सव्वा तासाचें. आतां समोरून तासीं २५ मैलांचा वारा सुटला असें समजा. पहिल्याचा वेग भूमीच्या मानानें ६० मैल उरला, त्याला दहा तास लागले. दुसऱ्याचा ८० उरला, त्याला साडेसात तास लागले. अंतर एकदम अडीच तासांचें झालें. वाळवंटावर, समुद्रावर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास हे अडीच तास म्हणजे केवळ सोय-गैरसोय नव्हे; टाकींत पेट्रोल असणें आणि नसणें यांतील तें अंतर असतें.

मग मॉथलाच अधिक जोरदार एंजिन कां बसवूं नये? येथें निसर्गाचा एक कठोर नियम आडवा येतो. वेग दुप्पट केला म्हणजे हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधाला तोंड देण्यास लागणारी शक्ति आठपट होते. या नियमानें ८५ चा वेग १०५ वर नेण्यासाठीं १०० अश्वशक्तीच्या जागीं जवळजवळ १९० अश्वशक्तीचें एंजिन हवें. तेवढें एंजिन म्हणजे अधिक वजन, अधिक पेट्रोल, आणि तें पेलण्यासाठीं अधिक भक्कम सांगाडा. दोन पंख, त्यांना जोडणारे खांब, तारांचें जाळें आणि वाऱ्यांत डोकें काढून बसलेली माणसें, हीं सर्व हवेला अडवीत राहणार. टांग्याला मोटारीचें एंजिन बसवून मोटार होत नाहीं, तसाच हा प्रकार.

म्हणून कारखान्यानें मूळ कल्पनाच बदलली. ९ सप्टेंबर १९२९ रोजीं ज्याचा पहिला नमुना उडाला, तें पस मॉथ एकाच पंखाचें होतें. पंख डोक्यावर; खालीं काचेच्या खिडक्यांची बंदिस्त खोली; तींत वैमानिक आणि एक किंवा दोन उतारू. विक्रीसाठीं बांधलेल्या विमानांचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असे. एंजिन सुमारें १२० अश्वशक्तीचें, परंतु उलटें टांगलेलें, म्हणजे त्याचे सिलिंडर खालच्या बाजूस. त्यामुळें नाक खालीं राहून वैमानिकाला पुढचें स्पष्ट दिसे आणि पंखा भूमीपासून उंच राही. या विमानानें तासीं सुमारें १०५ मैलांची सहज चाल साधली. वेगासाठीं हिशोबाप्रमाणें नव्वद अश्वशक्तीची भर हवी होती. प्रत्यक्षांत विसांचीच पडली. उरलेलें काम हवेचा अडथळा कमी केल्यानें झालें. आणि आंतील माणसें कोरडीं राहिलीं, एकमेकांशीं बोलूं शकलीं, मांडीवर नकाशा उलगडूं शकलीं. हा लाभ निराळाच.

पण निसर्ग कांहीं फुकट देत नाहीं. पस मॉथ इतकें सुबक होतें कीं उतरतांना त्याचा वेगच कमी होईना. तें मैदानावरून तरंगत पुढें जाई. ज्याचा हात मॉथवर बसला होता, त्याला मैदान संपत आलें तरी चाकें टेंकत नाहींत असा अनुभव येई. यावर कारखान्यानें मौजेची युक्ति काढली: चाकांच्या पायांवरील चपटीं आवरणें आडवीं फिरवितां येत, म्हणजे तीं वाऱ्याला अडवीत आणि लगामाचें काम करीत. तारांचा सूर बंद झाला होता, गालावरचा वारा बंद झाला होता. ती बातमी आतां कांट्यांकडून घ्यावी लागे.

याहून गंभीर गोष्ट पुढें घडली. पस मॉथ जातीचीं कांहीं विमानें १९३० पासून पुढच्या तीन वर्षांत हवेंतच पंख मोडून पडलीं आणि माणसें प्राणांस मुकलीं. शास्त्रज्ञांनीं कसून तपास केला. विशिष्ट परिस्थितींत, विशेषतः मोठ्या वेगांत खडबडीत हवा लागली असतां, पंखाला नाशकारक कंप सुटतो आणि त्याला आधार देणारा दांडा अपुरा पडतो, असें दिसून आलें. लहानसा जोड-दांडा बसवून तो आधार बळकट करण्यांत आला. नवें म्हणून निर्धोक, या समजुतीला हें कायमचें उत्तर आहे. पहिल्या विमानाचे दोष मालकाला पाठ झालेले असतात. दुसऱ्याचे दोष अजून कोणालाच ठाऊक नसतात.

वाढलेल्या शक्तीचा आणखी एक धोका आहे, आणि तो यंत्रांत नसून मनुष्यांत आहे. विमानाची मजल वाढली म्हणजे मनाचीहि वाढते. वर उल्लेखिलेला बर्ट हिंकलर हा अत्यंत सावध आणि कसलेला वैमानिक. ज्या ‘एव्हियन’ विमानानें तो १९२८ सालीं ऑस्ट्रेलियास गेला, तें ब्रिस्बेनच्या संग्रहालयांत जपून ठेवण्यांत आलें. पुढें त्यानें पस मॉथ घेतलें आणि १९३१ सालीं त्यांतून एकट्यानें दक्षिण अटलांटिक महासागर ओलांडला. ७ जानेवारी १९३३ रोजीं पुनः ऑस्ट्रेलियाकडे जात असतां इटलींतील डोंगरांत तें विमान कोसळलें आणि हिंकलर मरण पावला. अधिक समर्थ विमान मनुष्याला अधिक दूर नेतें. तेथून परत आणण्याची हमी तें देत नाहीं.

इतकें असूनहि ज्यांनीं विचारपूर्वक दुसरें विमान घेतलें त्यांचें चुकलें, असें म्हणतां येणार नाहीं. एमी जॉन्सन हिचा जेसन एका वृत्तपत्रानें घेऊन लंडनच्या विज्ञान-संग्रहालयास दिला. तेथें तो आजहि आहे. जुलै १९३१ मध्यें जॅक हम्फ्रीज या सहकाऱ्यासह ती टोकियोस गेली ती पस मॉथमधून, आणि त्याचें नांव तिनें ‘जेसन दुसरा’ असें ठेवलें. दहा दिवसांच्या आंत हा प्रवास पुरा झाला. मॉस्कोपर्यंतचा पल्ला तर एका दिवसांत. नोव्हेंबर १९३२ मध्यें दुसऱ्या एका पस मॉथमधून ती इंग्लंडहून केप टाउनला ४ दिवस ६ तास ५४ मिनिटांत पोहोंचली आणि आपल्याच पतीचा, जिम मॉलिसन याचा, विक्रम तिनें सुमारें साडेदहा तासांनीं मोडला. जुन्या मॉथमधून हें साधतें ना. म्हणून जेसनची किंमत कमी झाली असें मात्र नव्हे. वाळवंटांत त्याच्या शेपटावर बसून तिनें जो धीर कमावला, तोच ती पुढच्या विमानांत घेऊन बसली होती.

याच दोन विमानांचा हिंदुस्थानाशीं, आणि विशेषतः मुंबईशीं, जवळचा संबंध आला. मुंबईच्या फ्लाइंग क्लबांत शिकून जे. आर. डी. टाटा यांनीं १० फेब्रुवारी १९२९ रोजीं या देशांत दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक-परवाना मिळविला. १९३० सालीं आगाखानांनीं लावलेल्या बक्षिसासाठीं ते जिप्सी मॉथ घेऊन एकटेच कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते. म्हणजे मॉथचे गुण-दोष त्यांना पुस्तकांतून कळले नव्हते. पण दोन वर्षांनीं टपाल नेण्याचें काम अंगावर घेण्याची वेळ आली तेव्हां त्यांनीं पस मॉथची निवड केली. क्लबांतील विमानाला पाऊस आला तर उड्डाण उद्यांवर टाकतां येतें; टपालाला तें चालत नाहीं. थैल्या कोरड्या राहिल्या पाहिजेत, समोरून वारा असला तरी वेळ साधली पाहिजे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं अठ्ठावीस वर्षांचे टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. वाटेंत अहमदाबाद येथें बैलगाडींतून आणलेल्या डब्यांतलें पेट्रोल विमानांत भरण्यांत आलें आणि त्याच दिवशीं विमान जुहूच्या मैदानावर उतरलें. तेथून बळ्ळारीमार्गें मद्रासपर्यंत टपाल नेण्याचें काम नेव्हिल व्हिंटसेंट यांनीं केलें. जुहूचें तें मैदान समुद्राकांठचें. पावसाळ्यांत तेथें पाणी भरे आणि मुक्काम पुण्यास हलवावा लागे. एवढ्या तुटपुंज्या साधनांनिशीं देशांतील नियमित हवाई वाहतुकीचा पाया घातला गेला. पुढें टाटांच्या कंपनीनें किती मोठमोठीं विमानें आणलीं हें सर्वश्रुत आहे. परंतु या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षें झालीं तेव्हां, १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनीं कराची ते मुंबई हा प्रवास पुनः एकट्यानें केला तो एका लहानशा ‘लेपर्ड मॉथ’मधून, पस मॉथच्याच वंशांतील पुढच्या पिढीचें हें विमान. ज्याच्यापाशीं जगांतील उत्तमोत्तम विमानांचा अनुभव होता, त्यानें स्मरणासाठीं लहान विमानच निवडलें.

निष्ठेचें याहूनहि विलक्षण उदाहरण फ्रान्सिस चिचेस्टर या इंग्रजाचें आहे. १९२९ सालीं उडण्यास शिकून त्यानें जिप्सी मॉथ घेतलें आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो एकटा ऑस्ट्रेलियाकडे निघाला. १९३१ सालीं त्यानें न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे टास्मन समुद्र ओलांडण्याचा बेत केला. समुद्राची रुंदी बाराशें मैलांच्या घरांत. मॉथची मजल तेवढी नाहीं. त्यानें चाकांच्या जागीं पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ पेट्या बसविल्या आणि नॉरफोक व लॉर्ड हौ या दोन चिमुकल्या बेटांवर टप्पे घेण्याचें ठरविलें. अथांग पाण्यांत चार-पांच मैलांचें बेट नेमकें कसें सांपडावें? नाकासमोर नेम धरला आणि बेट दिसलें नाहीं, तर तें डावीकडे राहिलें कीं उजवीकडे हें कळण्यास मार्ग नसतो. चिचेस्टर मुद्दामच बेटाच्या एका बाजूला नेम धरी, सूर्याची उंची मोजून अंतर पुरें झाल्याची खात्री करी आणि मग ठरलेल्या बाजूला वळे. चूक कोणत्या बाजूची आहे हें आधींच ठरवून ठेवण्याचा हा शहाणपणा होय.

लॉर्ड हौ बेटावर रात्रीच्या वादळानें त्याचें विमान उलटून पाण्यांत गेलें. नवें विमान घेण्यास याहून सबळ कारण कोणतें? पण चिचेस्टरनें बेटवासीयांच्या मदतीनें तो सांगाडा बाहेर काढला, एंजिन खोलून धुतलें, पंखांच्या फांसळ्या जुळविल्या, नवें कापड शिवून चढविलें, आणि कित्येक आठवड्यांच्या खटाटोपानंतर त्याच विमानांतून तो ऑस्ट्रेलियास पोहोंचला. पुढें जपानांत कात्सुउरा येथें बंदराबाहेर पडतांना तें तारांवर आदळून नष्ट झालें आणि तो स्वतः जबर जखमी झाला. १९३६ सालीं एका मित्राबरोबर सिडनीहून लंडनला यावयाचें होतें तेव्हां मात्र त्यानें पस मॉथ घेतलें. दोघांचा दूरचा प्रवास होता; त्या कामाला तेंच योग्य होतें.

आणि तरी पहिल्याचा विसर पडला नाहीं. उत्तर आयुष्यांत चिचेस्टर शिडाच्या होड्यांकडे वळला. त्यानें आपल्या होडीला नांव दिलें ‘जिप्सी मॉथ दुसरी’. ‘जिप्सी मॉथ तिसरी’ घेऊन १९६० सालीं त्यानें अटलांटिक ओलांडण्याची एकट्यांची शर्यत जिंकली. ‘जिप्सी मॉथ चौथी’ घेऊन १९६६-६७ सालीं, वयाची पासष्टी आली असतां, वाटेंत एकट्या सिडनीस थांबून त्यानें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. या परंपरेंत पहिलें स्थान त्याच्या जुन्या विमानाचें. पस मॉथनें त्याचें काम चोख केलें होतें. पण एकाहि होडीला त्याचें नांव मिळालें नाहीं. उपयोग आणि माया यांची गल्लत न करतां दोहोंना आपापल्या जागीं ठेवणें, तें हेंच.

आज विमानांचीं नांवें बदललीं आहेत, प्रश्न तोच आहे. अमेरिकेंत १९३८ ते १९४७ या काळांत बांधलेलें ‘पायपर कब’ हें पिवळें, दोन बैठकांचें विमान अजून अनेकांनीं जिवापाड जपलें आहे. त्याचें एंजिन बहुधा ६५ अश्वशक्तीचें, चाल तासीं सुमारें ७५ मैल. बाजूचें दार उघडें ठेवून संध्याकाळीं शेतांवरून फिरावें यासाठीं त्यासारखें विमान नाहीं. पण घरांत दोन मुलें आलीं म्हणजे दोन बैठकांत चौघें मावत नाहींत, आणि मालक ‘सेस्ना १७२’ सारखें चार बैठकांचें विमान पाहूं लागतो. अशा वेळीं त्यानें केवळ किंमत पाहून भागत नाहीं. दोन विमानांना दोन छपरें, दोन वार्षिक तपासण्या आणि दोन विमे लागतात. हा खर्च तरी हिशोबांत दिसतो. न दिसणारे खर्च दोन आहेत.

पहिला म्हणजे न वापरल्यानें होणारी झीज. पेट्रोल जळतांना पाण्याची वाफ निर्माण होते. एंजिन नियमित आणि पुरेसा वेळ तापलें तर ती निघून जाते; महिनोन् महिने बंद राहिलें तर तिचा अंश व हवेंतील दमटपणा आंत राहतो, तेलांत आम्ल तयार होतें आणि आंतल्या घासल्या जाणाऱ्या पोलादी भागांना गंज चढतो. मायेनें झांकून ठेवलेलें विमान अशा रीतीनें आंतून मरत असतें. दुसरा खर्च वैमानिकाच्या हाताचा. कबचें तिसरें चाक शेपटाखालीं असतें आणि विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागें असतो. उतरल्यावर नाक किंचित् वांकडें झालें तर तो भार त्याला आणखी वांकडें फिरवितो, आणि वैमानिकाच्या पायांना क्षणोक्षणीं सावध रहावें लागतें. सेस्नाचें तिसरें चाक नाकाखालीं असल्यामुळें तें आपणहून सरळ होऊं पाहतें. वर्षभर सेस्नाच चालविली तर पायांची ती जागरूकता ओसरते, आणि एके दिवशीं जुना सोबतीच मालकाला फिरकी देतो. वर्षांतून साठ तास उडणाऱ्या मनुष्यानें ते दोन विमानांत वाटले, तर दोहोंतहि तो निम्माच तयार राहतो.

तेव्हां दुसरें विमान घेऊं इच्छिणारानें स्वतःला तीन प्रश्न विचारावे. पहिल्यानें होत नाहीं असें नेमकें कोणतें काम आहे? तें काम वर्षांतून किती वेळां पडतें? आणि दोहोंना पुरेल इतका वेळ आपल्यापाशीं आहे काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं, तर ती केवळ हौस समजावी. दुसऱ्याचें उत्तर एक-दोन वेळां असें आलें, तर भाड्यानें विमान घेणें बरें. तिसऱ्याचें उत्तर नाहीं असें आलें, तर मन घट्ट करून पहिलें विमान अशा हातीं सोंपवावें जेथें तें उडत राहील. शिकाऊ तरुणाच्या हातीं सोंपविलें तर सर्वांत उत्तम. परंतु तिन्ही उत्तरें अनुकूल असतील, तर मनांत कसलीहि रुखरुख न ठेवतां दुसरें विमान घ्यावें.

पहिल्यावरील प्रेमामुळें त्याच्यावर न पेलणारें ओझें लादणें, दोनशें मैलांच्या विमानाला समुद्र ओलांडावयास लावणें, ही निष्ठा नव्हे. त्यांत विमानाचा आणि माणसाचा, दोघांचाहि घात आहे. जें विमान ज्या कामासाठीं बांधलें, त्या कामांत त्याला उत्तम स्थितींत ठेवणें, त्यानें शिकविलेली सावधगिरी दुसऱ्या विमानांतहि न विसरणें, आणि दुसऱ्याकडे नवशिक्याच्या नम्रतेनें जाणें, एवढें ज्यानें केलें त्यानें पहिल्याचें ऋण फेडलें असें समजावें.